वाडीनं उचललेला भंडारा

मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "सांग रे, तुझ्या कर्ण्याचे किस्से!" साठच्या दशकात मी सांगलीत नेमाण्णांच्या लाउडस्पीकरच्या दुकानात होतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या सगळ्या पक्षांच्या सभांना आमचंच मशीन जायचं. लोकांना पुढाऱ्याचं तोंड दिसायचं, मला पाठ दिसायची. एक किस्सा सांगायला जावं तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. पूर्वी मी ते हसवायला सांगायचो. हल्ली सांगताना मलाच हसू कमी येतं.

नेमाण्णा जैन, स्वभावानं नेमस्त, आणि बॅटऱ्यांना लेकरासारखं जपणारे. त्यांचा एकच नियम होता : कर्ण्याला पक्ष नाही.

एकदा कुंडलला एकाच दिवशी दोन सभा लागल्या. सकाळी सरकारपक्षाची, संध्याकाळी विरोधकांची. पुन्हा कोण चढणार म्हणून मी कर्णा लिंबाच्या झाडावर तसाच ठेवला. संध्याकाळचे वक्ते तापले आणि म्हणाले, "सकाळी या जागेवर तुम्हाला खोटं सांगितलं गेलं. ऐकलंत ना तुम्ही?"

पुढं बसलेला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "ऐकलं की. ह्याच कर्ण्यातनं ऐकलं."

वक्तेसुद्धा हसले. तेव्हा असं हसू यायचं.

*

मग बापू आले. आटपाडीच्या पुढच्या कोरड्या मुलखातला शेतकऱ्याचा मुलगा, तालमीत घुमलेला, आवाज असा की मशीन नसतं तरी चाललं असतं. ना पक्ष, ना संस्था. ते व्यासपीठावर चढत नसत, खुर्ची दिली तर बाजूला सारत. जमिनीवर उभे राहून विचारायचे, "मुंबईत आपलं कोन हाय?"

लोक म्हणायचे, "कोन न्हाई."

"जिल्ह्यात कोन हाय?"

"कोन न्हाई."

मग ते गप्प व्हायचे. बराच वेळ पुढचं काही बोलायचेच नाहीत. त्या शांततेत मी बायाबापड्यांना डोळे पुसताना पाहिलंय. खरं सांगायचं तर मीही पुसलेत.

पहिल्या सभेनंतर मी नेमाण्णांना म्हणालो की या माणसाकडं कार्यक्रम काय आहे ते काही कळलं नाही. नेमाण्णांनी बॅटरीतलं पाणी बघत विचारलं, "भाडं दिलं का त्यानं?" दिलं होतं, म्हणालो. "कुनी दिलं?" लोकांनी गोळा करून दिलं, म्हणालो. तेव्हा नेमाण्णांनी मान वर केली. "मग लय जपून बोल त्याच्याबद्दल. सरकारपक्षाचं भाडं अजून यायचंय."

*

सरकारपक्षाचे आमच्या भागातले कारभारी म्हणजे दादासाहेब. पांढरंशुभ्र धोतर, हळू बोलणं, कुणाला कधी नाही म्हणणार नाहीत. बापू सभेत त्यांना तासतासभर सोलून काढायचे. दादासाहेबांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही.

एका सभेच्या वेळी मला लांब बाभळीखाली त्यांची गाडी दिसली. काचा वर करून ते आत बसले होते, एकटे. सभा संपल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण त्यांनी विचारलं ते असं : बापू गप्प होतात तेव्हा माईक बंद पडतो, की ते मुद्दामच गप्प होतात?

मुद्दाम, मी म्हणालो.

"चांगला आहे मुलगा," दादासाहेब म्हणाले. "बाहेर वाया चाललाय."

पुढच्याच आठवड्यात एका गावात दादासाहेब व्यासपीठावरून उतरले आणि धोतर सावरत थेट मातीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा! "आमी तुमच्यातलंच हाय," असंही म्हणाले. लोकांची एकच धावपळ उडाली. कुणी घोंगडं आणलं, कुणी सतरंजी. गावचा एक वयस्कर गडी तर हात जोडून म्हणाला, "आवं दादासाहेब, खाली बसायचं हुतं तर आदी सांगायचं. आमी झाडून घेतलं आसतं."

*

बापूंची पहिली निवडणूक जिल्हा परिषदेची. आटपाडीच्या पुढं एक वाडी आहे, तिचं नाव मी सांगत नाही. उन्हाळ्यात बाया घागर घेऊन दुसऱ्या गावाच्या विहिरीवर जायच्या आणि तिथल्या लोकांची बोलणी खाऊन परत यायच्या. वाडीला तलाव हवा होता. बाकी काही मागणं नव्हतं.

बापूंनी बिरोबाच्या देवळापुढं सभा घेतली आणि भंडाऱ्याचं, म्हणजे देवाच्या हळदीचं, ताट आणवलं. आमच्याकडं भंडारा उचलला म्हणजे शब्द देवाला दिला. त्यातून सुटका नाही. बापूंनी एकेक वाक्य सांगायचं आणि वाडीनं म्हणायचं : पैशाला भुलणार नाही, दमाला भिणार नाही, सरकारपक्षाला जिवात जीव असेतो मत देणार नाही.

सगळ्यांत आधी हौसाबाई उठली. म्हातारी, विधवा, वाडीत तिचा शब्द चालायचा. तिनं चिमूटभर भंडारा उजव्या तळहातावर घेतला, कपाळाला लावला आणि बाजूला झाली. मागून सगळी वाडी आली.

आमच्या घरानं बौद्ध धर्म घेतल्यापासून देव सोडलेले. मी मशीनपाशीच उभा राहिलो. हौसाबाई जाता जाता म्हणाली, "तू न्हाई रं उचलत?"

आमच्यात नाही, मी सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "मग जे बोलशील ते नीट बोल म्हंजे झालं."

भंडारा उजव्या हातानं उचलतात. बापूंच्या उजव्या हातात शेवटपर्यंत माईक होता, त्यांनी स्वतः उचललाच नाही. ते मुद्दाम होतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

बापू निवडून आले. वाडीनं त्यांना खांद्यावर घेतलं.

*

वर्ष गेलं, दुसरं गेलं, तलावाचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. बापू दुकानात येऊन बसायचे. आवाज बसलेला. एक दिवस म्हणाले, "भाईर राहून नुसतं वरडायचं किती? किल्ली आत हाय गड्या. आत गेल्याबिगर तलाव हुईत न्हाई."

मला राग आला. पण ते खोटं बोलत नव्हते, हेही मला कळत होतं. राग धरायला जागाच ठेवली नव्हती त्यांनी.

सरकारपक्षातल्या प्रवेशाचा सोहळा सांगलीत झाला. बापू व्यासपीठावर, खुर्चीवर. हार घातला दादासाहेबांनी. बापू बोलायला उठले, तसे दादासाहेब माझ्याकडं वाकले आणि प्रेमानं म्हणाले, "जरा बारीक ठेव आवाज. आता घरातलेच आहेत ते."

मी बारीक केला. लोकांना फरक जाणवला नाही.

तलाव मात्र मंजूर झाला, हे सांगितलंच पाहिजे. वाडीच्याच माणसांनी माती वाहिली, बांध कंबरेइतका वर आला. तेवढ्यात पुढची निवडणूक लागली.

*

आता बापू सरकारपक्षाचे उमेदवार. वाडीची अवस्था तुमच्या लक्षात येईल. मत द्यावं तर देवाचा शब्द मोडतो. न द्यावं तर बांध अर्धाच राहतो, आणि ज्यानं काम आणलं त्याच्याशीच बेइमानी होते. वाडीत म्हणे महिनाभर याच्याशिवाय बोलणं नव्हतं. दोन भाऊ याच्यापायी एकमेकांशी बोलेनासे झाले.

बापूंची सभा पुन्हा देवळापुढंच लागली. मीच मशीन लावलं. सगळी वाडी आली होती, बाया कडेवरच्या पोरांसकट. बापू बोलले, आणि चांगलं बोलले. दूरवर दिसणारा बांध त्यांनी हातानं दाखवला. लोकांनी माना हलवल्या. एका म्हाताऱ्यानं उठून त्यांना हात जोडले. बापूंच्या पाठीवरून मला कळलं, की ते मनातून हलले होते. तिथं थांबले असते तर काय झालं असतं कोण जाणे.

पण त्यांना भरवसा वाटेना. मत पेटीत गुपचूप पडतं, तिथं कोण बघणार? त्यांनी खूण केली. जीपमधून भंडाऱ्याचं ताट आलं. बापूंनी या खेपेला माईक माझ्या हातात दिला, ताट स्वतः दोन्ही हातांनी धरलं आणि लोकांसमोर नेलं.

"उचला," ते म्हणाले. "मत मलाच देनार म्हनून उचला."

कुणी उठेना. माणसं खाली बघत होती. बापू हौसाबाईपुढं गेले आणि ताट तिच्यापुढं धरलं. तिनं ताटाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. घरच्या पोराशी बोलावं तसं बोलली.

"बापू, आदीचा आजून हातातच हाय. त्यो खाली कुटं ठिवायचा, ती जागा दाव. मग आमी ह्यो उचलतो."

बापू ताट धरून तसेच उभे राहिले.