टीव्हीतल्या बाईला आमी दिसत न्हवतो

"तू भायेरच बस. टीव्ही काय, दारातनं बी दिसतोय."

तालुक्याचा सायेब म्हणाला. आत खुर्च्या रिकाम्या हुत्या. मी बगितल्या. दारातल्या चपला त्यानं पायानं सरकावल्या आन मला जागा करून दिली. मी बसले.

मेंबर हुते मी. ग्रामपंचायतीची. बायकांच्या राखीव जागा नव्यानं आलत्या, त्यातली आमच्या वस्तीची जागा माज्या वाट्याला आली. सही येत न्हवती, अंगठा. सरपंच बी बाईच, पर ती उंबरा सोडायची न्हाई. कारभार तिच्या नवऱ्याचा. समदा गाव त्येला आण्णा म्हणायचा. आमची वस्ती त्येच्याच रानात राबायची. माजा मालक बी.

तवा सरकारनं बाई मेंबरांची शाळा काढली. मास्तरीण पुण्यात बसायची. तालुक्याच्या हापिसावर मोठी छत्री बशीवलेली, तिच्यातनं टीव्हीत यायची. येकाच टायमाला शिराळ्याकडच्या बायका, कडेगावकडच्या बायका, आन आमी जतकडच्या, समद्या तिच्या म्होरं. टीव्हीशेजारी फोन. त्यात बोललं की आपला आवाज तिला जायाचा, आन समद्या तालुक्यांच्या टीव्हीतनं भायेर पडायचा.

शिकवायची लय झ्याक. लांबण न्हाई. जरा सांगायची, थांबायची, इचारायची. आन इचारलं की गप बसायची, कुणीतरी बोलूस्तवर. "चुकलं तरी चालेल. पण जिनं तिनं स्वतः बोलायचं," म्हणायची. थेट आमच्या डोळ्यांत बगून.

मला वाटायचं तिला आमी दिसतोय. समद्यास्नीच वाटायचं. ती आली की बायका पदर सावरायच्या, हात जोडायच्या. येकजण मिश्रीचं त्वांड पदरात दडवायची. दुसरी तिला डिवचायची, "बगितलं गं तिनं!"

मी बी दारातनं हात जोडायची. वाटायचं, ही येवढी शिकलेली बाई मला चपलांत बसल्याली बगत्ये, आन काय म्हणत न्हाई. मंग माजी जागा हीच आसंल. जे आण्णाच्या दमदाटीनं मला कवा पटलं न्हवतं, ते तिच्या डोळ्यानं पटाया लागलं हुतं. त्याचं भ्या मला आजून वाटतं.

उन्हाळा आला. टँकर यायचा, गावच्या हिरीत वतायचा. त्या हिरीवर आमी चढायचं न्हाई. खाली घागरी मांडून बसायचं. कुणाच्या मनात आलं तर वरनं वतणार. टँकर वस्तीवर आणा, येवढंच माजं मागणं. पंचायतीत बोलले की आण्णा हसायचा. "मेंबरीणबाई, चा घ्या आन जावा."

मंग पाण्याचा पाठ आला. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, "आत्ती, आज टीव्हीत सांगच."

त्या दिशी आण्णा सवता आला. संगं त्याची सून, सांगलीला कालेज केल्याली. ती मेंबर न्हाई, कोण न्हाई. फोनजवळच्या खुर्चीत बसली.

मास्तरीण म्हणाली, "आज वस्तीवरच्या सदस्य बोलतील. तुमच्याकडे पाणी कसं येतं?" आमच्या गावाचं नाव घेतलं. माजं नाव घेतलं. मी उठाया हात टेकला. सायबानं निस्ती मान हालीवली. न्हाई. आन सुनंनं फोन उचलला.

"मी बोलतेय." माजं नाव सांगितलं. माजी वस्ती सांगितली. "आमच्या वस्तीवर टँकर रोज येतो. काहीच त्रास नाही."

टीव्हीतनं तेच घुमलं. नाव माजं, आवाज तिचा.

मास्तरीण हसली. थेट माज्याकडं बगून हसली. "वा! किती धीटपणे बोललात. सगळ्यांनी असं बोलायचं."

तवा कळलं. हिला कायच दिसत न्हाई. खुर्च्या न्हाईत, चपला न्हाईत, मी न्हाई. निस्ता आवाज जातोय. जिच्या हातात फोन, ती मी.

उठले. चपला तुडवत आत गेले. सुनंच्या हातातला फोन धरला. माजी बोटं लागली तशी तिनं सोडूनच दिला.

"बाई, आता बोलली ती मी न्हवं. मी ही."

तिचं हसू गेलं. "कोण? परत सांगा. मी ऐकतेय."

"टँकर वस्तीवर येत न्हाई. हिरीवर आमास्नी चढू देत न्हाईत. आन हितं मला चपलांत..."

आण्णानं फोनची वायर उपटली.

टीव्हीत ती बोलतच हुती. "हॅलो? ताई? आहात ना?" टीव्ही कुणी बंद केला न्हाई. बायका खाली बगून ऐकत बसल्या.

आण्णा वरडला न्हाई. वरडला आसता तर बरं हुतं. हळूच म्हणाला, "झालं मनासारखं? जा आता घरला."

मंग सुरू झालं. टँकर हिरीत वतायचा, पर वरनं घागर भरणारं कुणी न्हाई. मालकाला रानात येऊ नगं म्हणून निरोप आला. बायका वढ्यात वाळू उकरून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. "सांगच" म्हणाल्या त्याच माज्या दारावरनं मान वळवून जायाच्या. येक तोंडावर बोलली, "तुज्या जिभंपायी पोरं तानेली, आत्ती." खोटं न्हवतं. तानेलीच हुती.

रोज सांजंला आण्णाची जीप वस्तीच्या तोंडाला यायची. कोण उतरायचं न्हाई. इंजन चालू. जरा थांबायची, जायाची. कुत्री बी भुकायची बंद झाली.

येक दिस काच खाली झाली. "उद्याच्या पाठाला फोनवर सांग, मी चुकले, मला काय कळत न्हाई. परवा पाणी मिळंल."

समदी वस्ती ऐकत हुती. मालकानं माज्याकडं बगितलं, मंग भुईकडं.

मी म्हणाले, "आण्णा, पाठाला मी येणार. फोनवर बोलणार बी. पर पाणी कुणी आडीवलंय, त्येच बोलणार."

काच वर गेली. जीप हालली न्हाई. आंधार पडूस्तवर तितंच हुती.

सकाळी मालक म्हणाला, "जाऊ नगंस. वाटंत गाठतील."

"गाठूंदेत."

संगं कोण आलं न्हाई. माळ वलांडून सडकंला लागले. मागनं इंजनाचा आवाज आला. जवळ येत गेला. वळून बगितलं न्हाई. वाट सोडली न्हाई. पाऊल बी वाढीवलं न्हाई. बोलायचं ते मनात जुळवत चालले. आदी माजं नाव सांगायचं, माज्या तोंडानं. मंग पाणी. मंग आण्णाचं नाव.