गळ्याकडं बघणाऱ्या बाई

साळवे बाई माणसाच्या तोंडाकडं नंतर बघत, आधी गळ्याकडं. शिरूरला त्यांची खोली भाड्यानं घ्यायला गेले, तर भाडं सांगायच्या आधी हातात तांब्या दिला. म्हणाल्या, "मान वर करून एक घोट गिळ बरं." गळा निरखला आणि रक्त तपासून घे म्हणाल्या. परक्या मुलखात आल्या आल्या कुणी असं सांगतं का? मी घाबरले.

मी वाशिमकडची, आठवीतून शाळा सुटलेली, कंपनीत पॅकिंगला. लाइनवर डुलक्या येत, सुपरवायझरनं बजावून ठेवलं होतं. काम सुटलं की परत गावी, हीच धास्ती. तपासणीत थायरॉइड निघाला. आपलंच शरीर गळ्यातल्या ग्रंथीवर उठलंय, असं डॉक्टर म्हणाले. माझंच काही चुकलं असणार, असं मी धरून बसले.

बाई दौंडच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. शाळेत शुद्ध बोलत असतील, घरी गावचीच बोली. ओट्यावर बसवून म्हणाल्या, "मागं चोर ड्रोननं घरं हेरत्यात अशी आवई उठली तवा पोरं काठ्या घिऊन गस्त घालायची. एकानं मोबाइलवर 'चोर आला' टाकलं की सगळी गोळा. आन् मार खाल्ला कुणी? आपल्याच दूधवाल्यानं. रक्तातल्या राखणदार पेशी असंच निरोप धाडत्यात, सायटोकाइन म्हंत्यात त्याला. ते पोचलं की ग्रंथीच्या पेशी बी हाका मारत्यात, मग आणखी राखणदार येत्यात. ह्यात तुझा काय गुन्हा?"

त्या रात्री मी शांत झोपले.

पण गोळी सुरू होऊनही रिपोर्ट सुधारेना. कधी घेतेस, बाईंनी विचारलं. सकाळी उपाशीपोटी, मी ठामपणे सांगितलं. नाइट शिफ्टलाही? हो, सकाळीच की. कॅन्टीनचे पोहे-चहा घेऊन घरी आल्यावर, झोपायच्या आधी.

बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. "आगं, सकाळ उपाशी आसती का पोट?"

मग माझ्यासोबत दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी नाइटच्या आठवड्यात दुपारी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी गोळी घ्यायला सांगितलं. हळूहळू डुलक्या गेल्या, काम टिकलं.

मागच्या हिवाळ्यात बाई दौंडला मुलाकडं वारल्या. पुढं आमची कंपनीही बंद झाली. आईनं फोनवर परत ये म्हटलं. मी म्हणाले, आधी पाटसकडच्या कारखान्यांत काम बघून येते, मग बोलू. आणि एसटीला हात केला.