धुतलेली माती

"आधी खड्डा, मग गप्पा," असं कुंडलिक म्हणायचा. कुणी कुंडीतल्या गुलाबाचं दुखणं सांगितलं तरी हेच.

अकरा वर्षं तो रोज सकाळी कळव्याहून खाडीपूल ओलांडून कोपरीतल्या एका सोसायटीची बाग राखायला येई. बाप मिठागरावर राबलेला, त्यामुळे मातीची परीक्षा पोराच्या जिभेवर होती. चिमूट उचलायची, चाटायची, थुंकायची. बायका नाक मुरडायच्या आणि मग आपापल्या कुंड्या गुपचूप त्याच्यासमोर आणून ठेवायच्या.

सेक्रेटरी प्रफुल्लसाहेब मूळचे कोकणातले. लाल मातीवर त्यांची देवाइतकी श्रद्धा. गावाकडच्या आठवणीने त्यांनी दोन ट्रक लाल माती आणवून आवारात पसरली, तीत तीस जास्वंदी लावल्या आणि नारळ फोडला. वर्षभर झाडं हसली. मग पानं कडेने करपू लागली आणि जमिनीवर पांढरी पूड दिसू लागली. साहेब म्हणाले, खत जास्त झालं, चूक माळ्याची.

कुंडलिकने पहार घेतली आणि गुडघाभर खड्डा खणला. वर वीतभर लाल माती. तिच्याखाली जुन्या बांधकामाचं राबिट, विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या. त्याखाली खाडीकाठच्या खाजणातली काळी, चिकट माती, हाताला साबणासारखी लागणारी. ती त्याने जिभेवर ठेवली.

"साहेब, बाग नाही, गालिचा अंथरलाय तुम्ही," तो म्हणाला. "मुळं खाली पोचली, खारात सापडली. तोच खार उन्हाने वर येतोय."

मग त्याने काचेच्या दोन बरण्यांत दोन थरांची माती टाकली, पाणी घालून घुसळली आणि ऑफिसच्या खिडकीत ठेवली. लाल मातीची रेती तळाशी बसली, वरचं पाणी निवळलं. काळ्या मातीची बरणी संध्याकाळपर्यंत गढूळच; या मातीतून पाण्याचा निचरा होत नाही, हे त्याला दाखवायचं होतं. कमिटीने ती पाहिली आणि ठरवलं की जिभेवर नि बरणीवर विश्वास ठेवण्याचे दिवस गेले, माती सरकारी प्रयोगशाळेत पाठवू.

हे काम साहेबांच्या पत्नीकडे, स्वप्नाताईंकडे आलं. ताई टापटिपीच्या. सरकारी माणसांपुढे सोसायटीची घाणेरडी माती कशी पाठवायची? त्यांनी खड्ड्यातली माती चाळली, खडे वेचले, तांदळासारखी तीन पाण्यांतून धुतली, गच्चीत वाळवली आणि सुंदर पिशवीत भरली.

अहवाल आला: क्षार नगण्य, माती उत्तम.

सभेत प्रफुल्लसाहेबांनी तो दोनदा वाचला. ते मनाने वाईट नव्हते. म्हणाले, खत जास्त झालं एवढं कबूल कर, नोकरी राहील. घरी कमावणारा कुंडलिक एकटाच होता.

"खत मी घातलंच नव्हतं," तो म्हणाला. "न केलेलं कबूल कसं करू?"

"मग अहवाल खोटा?"

"अहवाल खरा असेल. तपासायला गेलेली माती कोणती, ते विचारा."

स्वप्नाताई चहाचे कप गोळा करत होत्या. तीन पाण्यांतून धुतलेली माती त्यांना आठवली. मान वर झाली, ओठ हलले, पण सभा संपली होती आणि नव्या माळ्याची चौकशी सुरू झाली होती.

कुंडलिकने पहार खांद्यावर टाकली, जास्वंदींच्या कडेने तो फाटकाकडे निघाला. जिन्याच्या खिडकीतून स्वप्नाताई पाहत राहिल्या. त्यांनी हाक मारली नाही. तो खाडीच्या रस्त्याला वळला.