दशरथ ओव्हाळांची अर्धी गोळी

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले दशरथ ओव्हाळ, सगळ्यांचे आप्पा, वस्तीतल्या विहारात सव्वीस वर्षं वंदना सांगत. एक शब्द इकडचा तिकडे नाही. कुणी अडखळलं की म्हणत, "आम्ही तोफगोळे भरायचो बाबा. क्रम चुकला की माणूस उरत नसे."

दोन हजार चार साली कॅन्सर हाडांत उतरला आणि मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. चार दिवसांतच आप्पा पंचशील म्हणताना तिसऱ्या शीलावरून पुन्हा पहिल्यावर येऊ लागले. रविवारी विहारातली मंडळी घरी वंदनेला आली, तर सगळ्यांदेखत त्यांनी आपल्याच लेकीला, पूर्वाला, विचारलं, "आपण रेशन ऑफिसातून आलात का, बाई?"

कुणी हसलं नाही. तेच पूर्वाला लागलं.

ती हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घ्यायची. तिने घरच्या घरी उपाय काढला. प्रत्येक गोळी अर्धी. आप्पांचं डोकं लख्ख झालं. पुढच्या रविवारी वंदना बिनचूक झाली. फक्त म्हणताना त्यांनी चादर मुठीत आवळून धरली होती. पूर्वाने ते पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली.

तीन आठवड्यांनी तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या वेळेवर? पूर्ण?"

"हो," पूर्वा म्हणाली.

"भ्रम वगैरे?"

"आधी व्हायचा."

"घरात आणखी कुणाला असं झालंय?"

आप्पाच बोलले. "माझी बहीण मुक्ताबाई. ऑपरेशननंतर दोन दिवस नर्सला सासू समजून भांडली. नंतर म्हणायची, सासूपेक्षा नर्स बरी."

बाई हसल्या. "औषध कुणाला किती बाधतं, यात थोडा वाटा जन्मजात असू शकतो. रक्त तपासून नक्की सांगावं इतकं अजून कळलेलं नाही. पण भ्रम झाला की लगेच सांगायचं. औषध बदलता येतं. दुखणं सोसायची गरज नसते." मग पेन उचललं. "आता भ्रम नाही, दुखतंय मात्र फार. डोस दुप्पट करते."

पूर्वाने कागदावर हात ठेवला.

"थांबा. मी तीन आठवडे अर्धीच देतेय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आप्पांनी मान वळवली.

"का गं?"

"वंदना चुकत होती, आप्पा. लोकांसमोर."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तेव्हा त्यांचं डोकं अगदी लख्ख होतं.

"मला विचारायचंस तरी," ते म्हणाले.

बाईंनी तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर दुसरं औषध लिहायला घेतलं. पूर्वा त्यांच्या पेनाकडेच बघत राहिली.