फाटकाबाहेरही हलणारे भाव

मुलांनो, समोरच्या मेकॅनिकची मुलगी कॉम्प्युटरशी लाडाने बोलते आणि माणसांना हुकूम सोडते. कापसाचे भाव दाखवणारा सर्व्हर ती सांभाळते. वायफाय सुटून मोबाइलचं नेटवर्क लागलं की भाव थिजायचे. गाडी भरलेल्या शेतकऱ्याला यवतमाळला वळावं की नेरला, तेच कळेना. म्हणून तिने सर्व्हरला एचटीटीपी-थ्री ही नेटवर्क बदललं तरी जोडणी तुटू न देणारी नवी पद्धत जोडली आणि तपासायला मला धरलं.

"आजी, फोन पाहत फाटकाबाहेर चाला."

ती हातावर लॅपटॉप तोलत माझ्यापुढे उलटी चालू लागली.

"तुटलं?"

"नाही."

"आता?"

"हलताहेत गं भाव."

घरचं वायफाय केव्हाच मागे राहिलं होतं. ती लॅपटॉपसकट नाचली, मग एकदम थबकली.

"जुन्या फोनवाल्यायचं काय? त्यायले हे नवं समजत नाही. जुना रस्ताबी चालू राहू देतो."

रस्त्यातच उकिडवी बसून तिने तेही केलं. मागे ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.

"तुटलं?"

"नाही."

"मग चाला अजून."

मी मान वर केली तेव्हा आम्ही एसटी स्टँडवर पोचलो होतो, आणि माझ्या पायात न्हाणीतल्या चपला होत्या.