रद्द झालेलं पद

आमच्या पंपांच्या कंपनीत मॅनेजरची काचेची केबिन रिकामी आहे. नव्या रचनेत ते पदच रद्द झालं. साहेब दुसरीकडे गेले आणि आम्हाला सांगण्यात आलं, "आता कोणी वरचा नाही, आपापसांत ठरवा." तरी त्या दारावरून जाताना माणसं अजून आवाज खाली आणतात. मीही आणतो.

परवा आत खिडकी आपटत होती म्हणून लावायला गेलो आणि सहज त्या खुर्चीत टेकलो. काचेतून पाहिलं, तर बाहेरच्या सगळ्या माना खाली गेल्या होत्या. तेवढ्यात सुनंदा दारात आली. रोज हक्कानं माझ्या डब्यातली भाजी खाणारी सुनंदा. त्या वेळी तिची नजर फरशीवर होती.

"सर, उद्या सुट्टी हवी होती. आईला दवाखान्यात न्यायचंय."

"अगं, मी आहे," असं हसून म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "बघतो." तो आवाज मला माझा वाटला नाही. ती मान डोलावून गेली.

माणूस निघून गेला तरी त्याची जागा काम करत राहते का? जो तिथं टेकेल त्याच्या तोंडून बोलत राहते का?

दुसऱ्या दिवशी सुनंदा तिच्या टेबलाशीच होती.

"आईला न्यायचं होतं ना?" मी विचारलं.

तिनं नेहमीसारखं सरळ माझ्याकडे पाहिलं. "हो रे. पण सर अजून हो म्हणाले नाहीत."

"जा तू. आत्ता निघ," मी म्हणालो.

"तू सांगून कसं चालेल?" ती म्हणाली.