सुभेदारांनी बॅटरीला घातलेलं पाणी

गाडी उताराला तोंड करून उभी होती आणि पुढच्या चाकांना दगड लावले होते. अशी उभी केलेली गाडी दिसली की मी ओळखतो, मालकाचा बॅटरीवरचा विश्वास उडालाय. धक्का मारायला माणसं मिळोत न मिळोत, उतार तरी असावा, असा तो हिशोब असतो.

डिसेंबरातली सकाळ. पाचगणीच्या वरच्या अंगाला, पठाराला लागून असलेल्या वस्तीवर मी आलो होतो. धुकं एवढं, की स्ट्रॉबेरीचे वाफे चार पावलांवर संपत होते. बाया फळं खुडताना बोलत होत्या, ते बोलणं तेवढं ऐकू येत होतं, माणसं दिसत नव्हती. अशा हवेत मी फारसा कामाचा राहत नाही. कुठेतरी बघत उभा राहतो. माझी बायको म्हणते, तुम्हाला बॅटरीच्या दुकानात कुणी बसवलं, देवळाच्या कट्ट्यावर बसवायला पाहिजे होतं.

"काका, आज बी न्हाई उठली," वैशाली म्हणाली.

वैशाली या पिकअपची मालकीण आणि ड्रायव्हरही. नवरा संदीप फौजेत. एका सुट्टीत त्याने गाडी घेतली, दुसऱ्या सुट्टीत तिला चालवायला शिकवलं. ती वस्तीवरच्या स्ट्रॉबेरीच्या पेट्या भरते आणि पसरणीचा घाट उतरून वाई, सातारा, कधी पार सांगलीपर्यंत पोचवते. सुरुवातीला लोक हसले. मग तेच लोक आपापल्या पेट्या घेऊन तिच्या दारात उभे राहायला लागले. पण स्ट्रॉबेरी लाडाची. ऊन वर यायच्या आत खाली गेली पाहिजे, नाहीतर पेटीतच मऊ पडते. त्या हंगामात गाडीने दोनदा दगा दिला होता. आजचा तिसरा.

"अण्णांनी कराडच्या एजंटाला सांगितलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "ऐतवारी येणार हाय गाडी बघाय. म्हणत्यात, गाडी लाभत न्हाई, इकून टाकू. काका, गाडी गेली की मी घरात बसले बघा."

अण्णा म्हणजे तिचे सासरे, रिटायर्ड सुभेदार. ओट्यावर ताठ बसून आमच्याकडे बघत होते. मी रामराम केला. त्यांनी मान हलवली.

आता थोडं माझं. मी मूळचा विट्याचा. आमच्याकडचा पोरगा मिसरूड फुटली की गलाईच्या धंद्यात जातो. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. माझे दोन्ही भाऊ त्यात आहेत, एक मदुराईला, एक पार आसामात. मीही तीन वर्षं होतो. सोन्याने मला काही ओढलं नाही, पण ॲसिडची भीती कायमची गेली. मग वाईत बॅटरीचं दुकान टाकलं. भाऊ सोनं बघतात, मी शिसं बघतो. घरात कुणी हसायचं राहिलं नाही.

ही बॅटरी मीच पाच महिन्यांपूर्वी दिली होती, म्हणून लाज माझी होती. देताना मी नीट विचार केला होता. बॅटरी निवडताना लोक फक्त अँपिअर-अवर बघतात. म्हणजे पोटात साठा किती. टाकी किती मोठी, तसं ते. पण डिझेलच्या गाडीला थंडीत एका दमात मोठा झटका द्यावा लागतो, तेव्हा साठ्याइतकाच जोरही बघावा लागतो. शिवाय बॅटरी ट्रेमध्ये घट्ट बसली पाहिजे. घाटात गदगद हलली की आतल्या प्लेटा झडतात. हे सगळं बघून दिलेली बॅटरी पाच महिन्यांत मान टाकते म्हणजे दोष दुसरीकडे असणार, असं मी स्वतःला सांगत होतो. दुकानदार स्वतःला असंच सांगतो.

पिकअपची बॅटरी डाव्या बाजूला, हौद्याखाली होती. आधी माझ्या गाडीची केबल जोडून स्टार्टर मारला. पिकअप लगेच सुरू झाली. वैशालीने भराभर पेट्या चढवल्या.

"आता मी सांगेपर्यंत बंद करू नको," मी म्हटलं. "पाच मिनिटं थांब, चार्जिंग बघतो."

चौदाच्या वर व्होल्ट येत होते. अल्टरनेटर, म्हणजे गाडी चालताना बॅटरी भरणारं यंत्र, ठणठणीत होता. इंजिन बंद करून मी बॅटरी सोडवून घेतली, माझ्या गाडीतली एक तात्पुरती जोडली आणि तिला लावून दिलं. गाडी धुक्यात शिरली. आवाज बराच वेळ येत होता. वळणागणिक तो कमी व्हायचा आणि पुन्हा वर यायचा. अण्णा ओट्यावरून उठून कठड्याशी आले होते. आवाज पार बुडेपर्यंत ते हलले नाहीत.

मग मी बॅटरीची झाकणं उघडली. सहा खाने असतात, सहा झाकणं. प्रत्येक खान्यात पाणी काठोकाठ. पातळीच्या चिन्हाच्या वर. ट्रेवर ॲसिड सांडून पत्रा खाल्लेला. मला कळेना. आटपाडीकडचे ड्रायव्हर बॅटरीत बोअरचं पाणी ओततात, ते मी पाहिलंय. पण वैशालीला मी मागेच विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "काका, मी तर त्याला हात बी लावत न्हाई." मग पाणी वाढलं कसं?

हायड्रोमीटर काढला. काचेची नळी, वर रबराचा फुगा आणि आत एक छोटा तरंगणारा काटा. फुगा दाबून सोडला की ॲसिड नळीत येतं आणि काटा वर उठतो. जितका वर, तितकी बॅटरी भरलेली. मला हे बघायला फार आवडतं. काटा सावकाश वर यायला लागला की मी सगळं विसरतो. इतकी वर्षं झाली, अजून विसरतो. त्या दिवशी मात्र काटा तळाशीच पडून राहिला. पहिल्या चारही खान्यांत तेच. पाचव्या खान्यात तर फुगा सोडला तरी नळीत काही चढेचना. टोकाला काहीतरी अडकलं होतं.

चिमट्याने ओढून काढलं. काळं पडलेलं, आखडलेलं, नखाएवढं पान. मी ते तळहातावर घेऊन बघत राहिलो. तुळशीचं पान होतं.

मी वर बघितलं. अण्णा माझ्याकडेच बघत होते.

"अण्णा, हे तुम्ही घातलं?"

"व्हय," ते म्हणाले. अजिबात लपवलं नाही. "दर अवसंला गाडीची पूजा करतो. सकाळच्या यष्टीनं वाईला जातो, घाटावरनं कृष्णामाईचं पाणी आणतो. तुळस घालून तीर्थ करतो. नारळ फोडतो. मग थोडं थोडं सगळ्या भोकातनी घालतो."

"बॅटरीत का?"

"गाडीचा जीव त्यातच की रं. पोरगी एकटी घाट उतरती. द्येवाचं पाणी पोटात असलं म्हंजी काय भ्या न्हाई."

कृष्णेच्या पाण्यात वाईट काही नाही. आम्ही वाईकर तेच पितो. पण त्यात क्षार असतात, ते माणसाला चालतात, बॅटरीला चालत नाहीत. बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर लागतं. वाफ करून पुन्हा थंड केलेलं, काहीही नसलेलं पाणी. त्यातून काठोकाठ भरलेल्या खान्यात आणखी ओतलं की ॲसिड बाहेर सांडतं आणि आत निव्वळ पाणी उरत जातं. अण्णा दर अमावस्येला गाडी वाचवायला जात होते आणि दर अमावस्येला तिचा थोडा जीव कमी करत होते. गाडी बंद पडली की त्यांना वाटे, हिचं काही खरं नाही. मग पुढच्या वेळी तीर्थ जरा जास्त.

हे मी त्यांना इतक्या नीट सांगायला हवं होतं. पण माझा तोल गेला. सकाळपासून मी माझ्या बॅटरीची लाज बाळगून होतो, वैशालीची गाडी विकायला निघाली होती, आणि कारण हे.

"अण्णा," मी म्हणालो, "तुळस घालून पाणी माणसाच्या तोंडात कधी घालतात? शेवटाला. तुम्ही दर महिन्याला या बॅटरीला शेवटचं पाणी पाजलंय."

बोललो आणि जीभ चावली. अण्णा खाली बसले, तिथेच, दगडावर. धुकं त्यांच्या आणि माझ्या मधून सरकत होतं.

"माझी मंडळी गेली तवा मी बॉर्डरवर हुतो," ते म्हणाले. "तिच्या तोंडात पाणी शेजारणीनं घातलं. मी आलो ते तेराव्याला." मग ते माझ्या हातातल्या पानाकडे बघत म्हणाले, "तिला घालाय मिळालं न्हाई, आन् हितं नको ते करून बसलो बघ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायची सोडून मी आपला धंद्याकडे वळलो. माझ्या गाडीत एक सील्ड बॅटरी होती, पूर्ण बंद, झाकणं नसलेली. पाणी घालायचा प्रश्नच नाही.

"गाडी आली की ही बसवतो, अण्णा. हिच्याकडे कुणी बघायलाच नको."

त्यांनी बॅटरीवरून हात फिरवला. सगळीकडून चाचपली.

"भोकंच न्हाईत?"

"नाहीत."

"मग मी काय करायचं?"

 त्या माणसाला सून घाट उतरताना घरात नुसतं ऐकत बसावं लागत होतं. करण्यासारखं त्याच्या हातात महिन्यातून एकदा काहीतरी होतं, आणि तेही मी काढून घेत होतो. सील्ड बॅटरी मी परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी झाकणांची नवी बॅटरी घेऊन वर गेलो. अण्णांना शेजारी बसवून सगळं दाखवलं. पाणी डिस्टिल्डच, आणि चिन्हापर्यंतच. टर्मिनलवर पांढरी बुरशी आली तर कोमट पाण्याने धुवायची, कोरडं करायचं, वर व्हॅसलीन. बॅटरी आवळून धरणारा क्लॅम्प हलवून बघायचा. अवस चुकवायची नाही. तीर्थ टायरला घाला, बॉनेटला घाला, कृष्णामाईला तेवढं चालतं. शेवटी हायड्रोमीटर त्यांच्या हातात दिला. त्यांनी फुगा सोडला. काटा सावकाश वर आला आणि हिरव्या पट्ट्यात थांबला. अण्णा नळी उजेडाकडे धरून बघत राहिले. मीही बघत राहिलो. किती वेळ, ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं.

"वर येतोय म्हंजी जित्ती हाय," ते म्हणाले.

"व्हय, अण्णा."

त्यांनी खिशातून फोन काढला, कराडला लावला. "सुभेदार बोलतोय. ऐतवारी येऊ नगा. गाडी इकायची न्हाई." एवढंच बोलून ठेवला.

फेब्रुवारीत एका सकाळी पिकअप माझ्या दुकानासमोर थांबली. मागे पेट्या, इंजिन चालू. मी बाहेर आलो. शेजारच्या सीटवर अण्णा, डोकं काचेला टेकलेलं, तोंड उघडं, गाढ झोपलेले.

"दोन महिनं झालं, रोज येत्यात संगट," वैशाली म्हणाली. "आधी हँडल धरून बसायचे, सारखं 'हळू, हळू' करायचे. आता दुसऱ्या वळणालाच झोपत्यात."

"इंजिन बंद कर की. बॅटरी चांगली आहे, पुन्हा लगेच सुरू होईल."

"ऱ्हाऊ द्या काका," ती म्हणाली. "जागं हुतील."

गाडीला कुठली बॅटरी बसते ते गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. तिला पाणी कोण घालणार, ते कुठल्याच पुस्तकात नसतं. आता मी ते आधी विचारतो आणि मगच रॅकवरची बॅटरी खाली काढतो.